तीन मनोऱ्यांचा डाव

सूप वाढताना फ्लेमिंगने तो डाव उलटा करून बघितला नसता, किंवा बघून गप्प बसला असता, तर एगॉन थ्यूगेसन आजही ग्रोनहाउन गावातला एक निवृत्त, समाधानी आणि किंचित कंटाळवाणा भूगोलाचा मास्तर म्हणून सुखात राहिला असता. पण फ्लेमिंग हा त्याचा साडू. साडूला गप्प बसता येत नाही. त्यातून हा ओडेन्सला मोटारी विकायचा, म्हणजे कुठलीही वस्तू हातात आली की ती उलटी करून बघणं आणि तिच्याबद्दल चार शब्द बोलणं हा त्याचा धंदाच होता.

"मुलामा आहे हा," फ्लेमिंग म्हणाला. "हे बघ, दांड्यामागच्या छापात दोन मनोरे. दोन मनोरे म्हणजे वरून चांदी, आतून काहीही. खऱ्या चांदीवर तीन असतात."

"तीनच आहेत," एगॉन म्हणाला.

त्याने ते कधी बघितले नव्हते. लग्नाला तीसेक वर्षं झाली होती, तो डाव सासूबाईंच्या हातात असल्यापासून तो त्यातून वाटाण्याचं सूप वाढून घेत होता, पण मनोरे मोजावेत असं त्याच्या कधी मनात आलं नव्हतं. तरीही तो "तीनच आहेत" असं म्हणाला, कारण वर्गात कुणी काही चुकीचं बोललं की दुरुस्त करायचं, ही सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती.

"मनोरे राहू देत," त्याची बायको अग्नेटे म्हणाली. "सूप गार होतंय."

हिवाळ्यात महिन्याच्या पहिल्या रविवारी अग्नेटे आईच्या पद्धतीने पिवळ्या वाटाण्याचं सूप करायची. सोबत खारवलेलं डुकराचं मांस, मोहरी, बीट आणि काळा पाव. तिची बहीण टोवे आणि फ्लेमिंग ओडेन्सहून यायचे. दोघी बहिणी स्वयंपाकघरात आईच्या नकला करून हसायच्या आणि दोघे साडू बाहेर एकमेकांना सहन करायचे. आई गेली तेव्हा बहिणींनी तिच्या सामानावर रंगीत कागदाच्या टिकल्या चिकटवून वाटणी केली होती. टोवेच्या लाल, अग्नेटेच्या निळ्या. काळवंडलेल्या, पोचे पडलेल्या त्या डावाला कुणीच टिकली लावली नाही. शेवटी टोवे म्हणाली, "सूप तू करतेस, डाव तूच ठेव." इतकी साधी ती गोष्ट होती. पुढे जे झालं त्यानंतर एगॉनला ते वाक्य अनेकदा आठवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने टपाल तिकिटं बघायचं भिंग काढलं आणि खिडकीपाशी बसला. दांड्याच्या मागे झिजलेल्या खुणांची एक रांग होती. पहिली खूण मनोऱ्यांची. एक मनोरा स्पष्ट होता, दुसरा बरा होता आणि तिसऱ्याच्या जागी मनोरा असेल किंवा कुणा पूर्वजाने डाव भांड्याच्या कडेवर आपटला असेल. पुढे दोन अक्षरं. पहिलं 'पी' असेल किंवा 'एफ'. शेवटी एक किडा.

"किडा नाही तो," शेजारचे बर्टेलसन कुंपणावरून वाकून म्हणाले. ते जन्मभर मासेमारी करून आता बागेत बसून इतरांच्या चुका बघत. "दाखवा इकडे. अहो मास्तर, ही कोळंबी आहे."

"जुन्या काळी चांदीचे तपासनीस त्या महिन्याची रास उमटवायचे," एगॉन म्हणाला. हे त्याने सकाळीच वाचनालयातून आणलेल्या छापांच्या जाडजूड पुस्तकात वाचलं होतं. "बारा राशींत कोळंबी नाही. हा खेकडा तरी असेल नाहीतर विंचू."

"मी चाळीस वर्षं कोळंबी पकडली आहे."

"तुमचा अनुभव मला मान्य आहे. पण कर्क रास आहे, कोळंबी रास नाही."

"म्हणजे राशी ठरवणारा समुद्रावर कधी गेला नव्हता," बर्टेलसन म्हणाले आणि त्यांनी विषय संपवला. चांदी उकडलेल्या बटाट्याच्या पाण्यात बुडवून ठेवली की सगळं स्पष्ट दिसतं, असा सल्ला मात्र जाता जाता दिला. एगॉनने ठेवली. डाव बाहेर आला तेव्हा त्याला बटाट्याचा वास येत होता आणि किडा किडाच होता.

पलीकडच्या घरातल्या सोल्वाय क्राग बाईंचं म्हणणं वेगळं पडलं. त्यांचे यजमान दंतवैद्य होते. यजमान जाऊन बराच काळ झाला होता तरी त्यांचं सामान बाईंनी तळघरात नीट पुसून ठेवलं होतं, आणि ते वापरायची संधी त्या शोधतच होत्या. "ज्या गोष्टी डोळ्यांना दिसत नाहीत त्यांचा साचा घ्यायचा असतो," त्या म्हणाल्या. "माणसाच्या दाढा काय डोळ्यांनी दिसतात?"

मग क्राग बाईंच्या स्वयंपाकघरात गुलाबी पीठ कालवलं गेलं आणि तीन मनोऱ्यांचा तो डाव एखाद्या घाबरलेल्या रोग्यासारखा आ वासून पडला. पीठ जुनं होतं. ते लवकर घट्ट होत नव्हतं म्हणून बाईंनी आणखी पूड घातली, आणि मग ते असं घट्ट झालं की डाव, साचा आणि बाईंची कॉफीची बशी यांचा एकच दगड झाला. एगॉन तो दगड टॉवेलात गुंडाळून घरी घेऊन आला तेव्हा अग्नेटे दारातच उभी होती.

"माझ्या आईचा डाव कुठे आहे?"

"यात आहे," एगॉन म्हणाला.

तिने टॉवेल उघडून बघितला. तिने पाणी उकळत ठेवलं, बराच वेळ खपून डाव मोकळा केला, पुसला आणि खणात ठेवला. "आता पुरे," ती म्हणाली. इथे थांबता आलं असतं. पण साच्याचा एक तुकडा एगॉनच्या खिशात राहिला होता आणि त्या तुकड्यावर, उलटे पण ठसठशीत, तीन मनोरे उभे होते.

उलट्या अक्षरांसाठी त्याने दाढी करायचा आरसा धरला. 'पी' आणि 'आर'. पुस्तकात त्या अक्षरांचे कारागीर पुष्कळ होते. कुणी आधी मेलेला, कुणी अजून जन्मायचा, कुणी फक्त बटणं करणारा. आठवडाभर त्याने जेवणाच्या टेबलावर पुस्तक, आरसा आणि गुलाबी तुकडा मांडून ठेवला आणि अग्नेटे स्वयंपाकघरात उभ्यानेच जेवली. गावातल्या संग्रहालयातही तो जाऊन आला. तिथल्या उल्ला ब्रास्क बाई सौजन्याने म्हणाल्या की खासगी मालकीच्या वस्तूंबद्दल संग्रहालय मत देत नाही. वस्तू संग्रहालयाला दिली तर मात्र अवश्य देतं. "म्हणजे आमच्या मालकीची आहे तोवर आम्हाला कळणार नाही, आणि कळेल तेव्हा ती आमची नसेल," एगॉन म्हणाला. "बरोबर समजलात," बाई म्हणाल्या. आपल्याला बरोबर समजलं याचं एगॉनला त्या दिवशी समाधान वाटलं नाही.

शेवटी ताळा जमला. पाउल रिस, कोपनहेगनचा कारागीर, नेपोलियनच्या लढायांच्या काळातला, आणि महिना जून-जुलैचा, म्हणजे खेकडा. रिस तरुणपणीच वारला होता आणि त्याच्या हातच्या वस्तू फार थोड्या उरल्या होत्या. एगॉनने आरसा खाली ठेवला. आयुष्यभर त्याने मुलांना दुसऱ्यांनी शोधलेल्या नद्या शिकवल्या होत्या. स्वतः शोधलेली ही पहिलीच गोष्ट.

सुपाच्या पुढच्या रविवारी त्याने सूप वाढण्याआधी उभं राहून भाषण केलं. वाढदिवसाला करतात तसं, टिपणं हातात धरून. मनोरे, तपासनीस, रास, कारागीर. खेकड्याचे पाय त्याने एकेक करून मोजून दाखवले. फ्लेमिंगचा चेहरा बघून त्याला जो आनंद झाला तसा आनंद त्याला निवृत्तीच्या समारंभातही झाला नव्हता. टोवेने टाळ्या वाजवल्या. "आईला कळलं असतं तर तिने याने मांजराचं दूध ढवळलं नसतं," ती म्हणाली, आणि दोघी बहिणी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. त्या टेबलावर दोघी एकत्र हसल्या ते त्या वेळी शेवटचं. कुणालाच ते माहीत नव्हतं.

स्थानिक वर्तमानपत्राने बातमी छापली. फोटोत एगॉन डाव असा धरून उभा होता, जसा काही त्याने तो गळाला लावून पकडला होता. 'शंकेला जागाच नाही, माजी शिक्षकांचा दावा,' असं खाली लिहिलं होतं. बातमीनंतर बर्टेलसन म्हणाले, "आता चोर येणार." हे वाक्य ते दिवसातून दोनदा, कुंपणाच्या दोन वेगवेगळ्या जागांवरून म्हणत. म्हणून एगॉन विमा कंपनीत गेला. कंपनीचा तरुण साहेब म्हणाला, विमा उतरवू, पण वस्तू भिंतीत पक्क्या बसवलेल्या लोखंडी कपाटात हवी. कपाट बसवायला गवंडी आला. घर जुनं, लाकडी चौकटीचं आणि मातीच्या भिंतीचं. पहिल्या खिळ्याला भिंतीतून बैठकीच्या खोलीत माती पडली, दुसऱ्या खिळ्याला बैठकीच्या खोलीतून बाग दिसली.

"हवा खेळती राहील," गवंडी म्हणाला.

मग बँकेतला कप्पा. कप्पा डावापेक्षा वीतभर लहान निघाला. मोठा कप्पा मिळायला अर्ज, आणि अर्जावर वस्तूच्या मालकाची सही. बँकेच्या बाईंनी विचारलं, "मालक कोण?"

एगॉन म्हणाला, "माझी बायको." आणि मग, नेमकेपणाची खोड होतीच म्हणून, पुढे म्हणाला, "म्हणजे वाटणीत तो तिच्याकडे आला. तसा तो कुणाच्याच नावावर नाही."

ही बँकेतली बाई टोवेच्या नणंदेची मैत्रीण होती. एवढ्याशा प्रदेशात कुणी ना कुणी कुणाची तरी असतंच.

रविवारी बँक बंद. शुक्रवारी डाव काढून आणावा तर शनिवार-रविवार विमा लागू नाही. म्हणून सूप निळ्या एनॅमलच्या डावाने वाढलं गेलं. मांस कापता कापता टोवे म्हणाली, "बँकेत ठेवलाय म्हणे."

"एगॉनने ठेवलाय," अग्नेटे म्हणाली.

"तुझ्या नावाने."

"मग कुणाच्या नावाने ठेवायचा होता?"

टोवेने सुरी खाली ठेवली. "हे बघ, मला त्यातलं काही नकोय. पण तेव्हा आपल्याला वाटलं तो मुलाम्याचा आहे. मी तुला डाव दिला होता. चांदी दिली नव्हती."

"मग मी डाव ठेवते आणि चांदी तू घेऊन जा," अग्नेटे म्हणाली.

हे तिने विनोदाने म्हटलं की रागाने, हे तिला स्वतःलाही नंतर सांगता आलं नाही. फ्लेमिंग मात्र जोरात हसला आणि तिथे सगळं बिघडलं. टोवे उठली, तिने कोट घातला. पुढच्या महिन्यात ते दोघं आले नाहीत, सर्दी झाली म्हणून. त्याच्या पुढच्या महिन्यात सर्दीचंही कारण आलं नाही. दोघीही हट्टी, आईवर गेलेल्या. दोघींनाही वाटत होतं की फोन दुसरीने करावा.

भिंतीतल्या भोकात अग्नेटेने कापडाचा बोळा कोंबला आणि सूप करायचं बंद केलं. रविवारी ती मासा तळायची. दोन माणसांना दोन तुकडे.

शेवटी एगॉनने ठरवलं की जे त्याने बांधलं ते त्यानेच पाडायचं. बसने तो ओडेन्सला गेला. टोवेने दार उघडलं, आत घेतलं, कॉफी दिली. राग असला तरी कॉफी देतातच. फ्लेमिंगही होता. एगॉनने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि सांगितलं की आपली चूक झाली. पुन्हा नीट बघितलं. मनोरे दोनच आहेत. तिसरा ओरखडा आहे. डाव मुलाम्याचा आहे, फ्लेमिंग म्हणत होता तसाच.

ते वाक्य उच्चारताना त्याला जे कष्ट पडले ते फक्त त्यालाच ठाऊक. "फ्लेमिंग म्हणत होता तसाच," हे त्याने बसमध्ये मनातल्या मनात पुन्हा पुन्हा घोकलं होतं, औषधाची गोळी गिळायची तयारी करावी तसं.

फ्लेमिंग सुखावून गेला. त्याने ताबडतोब कपाटातून मद्याची बाटली काढली. "मी काय सांगत होतो? नजर असावी लागते, एगॉन. नजर. पुस्तकात नसते ती." त्याने एगॉनच्या पाठीवर थाप मारली. एगॉन ती थापही गिळून बसला.

टोवे बसल्या जागेवरून हलली नव्हती. "आणि खेकडा?" तिने विचारलं.

"ओरखडेच."

"ओरखड्यांना पाय होते. तूच मोजून दाखवलेस."

"माझी नजर आता पहिल्यासारखी राहिली नाही."

"वर्तमानपत्रात म्हणालास, शंकेला जागाच नाही."

"वर्तमानपत्रवाले वाढवून लिहितात."

टोवेने त्याच्याकडे निरखून बघितलं. "तुझे कान लाल झालेत," ती म्हणाली. "तुला खोटं बोलता येत नाही, एगॉन. कधीच आलं नाही. मग हे तुला कुणी शिकवून पाठवलं? मुलाम्याचा ठरला की वाटणीचा प्रश्न मिटला. डाव तिचा. असंच ना?"

"अग्नेटेला मी इथे आलोय हे माहीतसुद्धा नाही."

"हेही लाल कानांनीच बोलतोयस."

कान लालच होते. एकदा झाले की ते खऱ्या-खोट्यात फरक करत नसत. संध्याकाळी तो घरी पोचायच्या आत टोवेचा फोन येऊन गेला होता. किती महिन्यांनी बहिणीचा फोन आला म्हणून अग्नेटेने ओले हात न पुसताच धावत उचलला होता, आणि त्यावर तिला हे ऐकायला मिळालं होतं. एगॉन दारात आला तेव्हा ती स्टुलावर बसली होती.

"ती मला चोर म्हणाली," अग्नेटे म्हणाली. "माझ्या नवऱ्याला खोटं बोलायला पाठवणारी चोर. मला काही उत्तर देता आलं नाही. कारण तू खोटं बोललास हे तर खरंच होतं."

"मला वाटलं, माझंच नाक कापलं जाईल. तुमचं दोघींचं जमेल."

"तुझ्या नाकाचं कुणाला पडलंय, एगॉन?" हे ती इतक्या थकल्या आवाजात म्हणाली, की त्याला वाटलं ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

फ्लेमिंगने एकट्याने त्या खोट्यावर मनापासून विश्वास ठेवला. आजही तो गिऱ्हाइकांना सांगतो की आपला साडू शिकलेला माणूस, पण दोन आणि तीनमधला फरक शेवटी आपणच त्याला शिकवला.

डावाचा निकाल अग्नेटेने लावला. "तिलाही नको, मलाही नको," म्हणून तिने तो संग्रहालयाला दिला. दोघी बहिणींच्या सह्या लागल्या. दोघी वेगवेगळ्या दिवशी येऊन सही करून गेल्या. ब्रास्क बाईंनी शब्द पाळला. वस्तू हातात येताच त्यांनी तिच्याबद्दल मत दिलं. ते एगॉनच्या मताशी तंतोतंत जुळत होतं. त्यांनी तसं पत्रात कळवलंही. एगॉनने ते वाचलं आणि पुन्हा पाकिटात घातलं.

एकदा तो बघायला गेला. वसंत लागला होता पण वारा अजून बोचरा होता. काचेच्या कपाटात डाव निळ्या मखमलीवर ठेवला होता. त्याला इतका चकाकवला होता की ओळख पटेना. पोचे मात्र तसेच होते. कपाटासमोर चारदोन पाहुणे उभे होते, आणि एक उत्साही स्वयंसेवक गृहस्थ त्यांना सांगत होते, "आणि ही शेवटची खूण, हा विंचू. म्हणजे वस्तू ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमाराला तयार झाली."

एगॉनचं तोंड उघडलं. शिक्षकी पेशाची सारी वर्षं त्या उघडण्यामागे होती. मग त्याला पाहुण्यांच्या मागे उभी असलेली टोवे दिसली. त्याने तोंड मिटलं.

पाहुणे पुढच्या दालनात गेले. टोवे जवळ आली आणि त्याच्या शेजारी उभी राहिली. दोघंही काचेकडे बघत होते.

"खेकडा आहे ना तो?" तिने विचारलं.

"खेकडा आहे."

"मग सांगितलं का नाहीस त्यांना?"

"काय करायचंय सांगून."

टोवेने पर्स एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "हे तुला आधी सुचायला हवं होतं," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता.

"तिचा गुडघा कसा आहे?"

"जिना उतरताना दुखतो."

"आईचाही दुखायचा," ती म्हणाली. "मी आले होते हे तिला सांगू नकोस. तिला वाटेल, मी डावासाठी आले."

"मग कशासाठी आलीस?" हे विचारावंसं एगॉनला वाटलं, पण विचारलं नाही. तो तिला बसच्या थांब्यापर्यंत सोडायला गेला. बस आली तेव्हा तिने हात हलवला की केस सावरले, हे त्याला नीट कळलं नाही.

घरी अग्नेटे बटाटे सोलत होती.

"जाऊन आलास?"

"हो."

"कोण होतं?"

"कुणी नाही," एगॉन म्हणाला. "असेच, बाहेरगावचे पाहुणे."

अग्नेटेने वर बघितलं नाही. एक बटाटा सोलून पाण्यात टाकला, दुसरा घेतला. "दर गुरुवारी येते टोवे," ती म्हणाली. "मी संग्रहालयासमोरच्या बेकरीत असते. तिथून दार दिसतं. आज गुडघ्यामुळे जाता आलं नाही."

एगॉन कोट हातात घेऊन उभा राहिला. त्याचे कान तापायला लागले होते.

"आज करडा कोट होता की निळा?" अग्नेटेने विचारलं.

"करडा."

"बरं झालं," ती म्हणाली. "निळा फार पातळ आहे." आणि तिने बटाट्याचं पातेलं चुलीवर चढवलं.